पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड वारंवार संपत असतील तर: आधी कारण शोधा, मग पॅड निवडा

माझी पिकअप जुन्नर तालुक्यातून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात टोमॅटो आणि भाजीपाला नेते. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, वहनक्षमता दीड टन, अशी ती आपल्याकडच्या बहुतेक पिकअपसारखीच आहे. गेल्या वर्षी या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड तीन वेळा बदलावे लागले. प्रत्येक संच जेमतेम ९,००० किलोमीटर टिकला आणि दर वेळी मी आधीच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे पॅड बसवले. पहिल्यांदा स्वस्तातले घेतले, दुसऱ्यांदा महागडे सिरॅमिक आणि तिसऱ्यांदा दुकानदाराने ‘एकदम कडक माल’ म्हणून दिलेले. प्रकार बदलला तरी आयुष्य बदलले नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की, पॅड निवडण्यात चूक होत असेलही, परंतु पॅड संपण्याचे मूळ कारण पॅडमध्ये नसावे. ते कारण शोधण्यात माझे दोन महिने गेले. इतरांचे जाऊ नयेत म्हणून तपासणीचा क्रम आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक हिशेब मांडतो, कारण तो समजल्याशिवाय घाटातल्या गाडीच्या ब्रेकवर किती भार येतो याची कल्पना येत नाही. गाडी आणि माल मिळून ३,००० किलो आणि घाटमाथा आणि पायथा यांच्या उंचीतला फरक ५०० मीटर धरला, तर घाट उतरताना सुमारे १.४७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी सपाटीवर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना पूर्ण थांबवली, तर सुमारे ४.२ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. याचा अर्थ, इंजिनाची आणि हवेच्या रोधाची मदत सोडली तर एकदा घाट उतरणे म्हणजे ६० च्या वेगावरून ३५ वेळा पूर्ण थांबणे, आणि तेही मध्ये थंड व्हायला वेळ न देता. एवढ्या उष्णतेत साधारण ४५ लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ही उष्णता चार चाकांत आणि इंजिनात वाटली गेली तर पॅड टिकतात. ती दोनच चाकांवर आली तर जगातले कोणतेही पॅड टिकणार नाहीत.

या हिशेबात मालाचे खरे वजन धरावे. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये २० किलो माल असतो, म्हणून ७५ क्रेट म्हणजे १,५०० किलो झाले असे आपण सर्वजण मानतो. रिकाम्या क्रेटचे वजन दीड ते दोन किलो असते हे कोणी धरत नाही. ७५ क्रेटमागे ते सव्वाशे किलोच्या आसपास जाते. त्यावर ताडपत्री, दोर आणि मागे बसलेले दोन हमाल आले. वजनकाट्यावर एकदा गाडी चढवून पाहिल्याशिवाय आपण क्षमतेत आहोत असे कोणी ठामपणे सांगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यापुढे प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाआधी त्या भाराची किंमत ब्रेक मोजत असतात, हे मला येथे अधिक महत्त्वाचे वाटते.

जुने पॅड फेकू नयेत

गॅरेजमध्ये पॅड बदलले की जुने पॅड कोपऱ्यातल्या डब्यात जातात. मीही दोन वेळा ते तसेच जाऊ दिले. तिसऱ्या वेळी मात्र चारही पॅड घरी आणले, वर्तमानपत्रावर ज्या जागेचे त्या जागी मांडले आणि स्टीलच्या पट्टीने त्यांची जाडी मोजली. पाठीमागची लोखंडी पट्टी सोडून केवळ घर्षणाच्या मसाल्याची जाडी मोजायची असते. नव्या पॅडमध्ये ती माझ्या गाडीत ११ मिलिमीटर होती. उजव्या चाकाचे आतले आणि बाहेरचे असे दोन्ही पॅड ३ मिलिमीटरवर आले होते. डाव्या चाकाचे बाहेरचे पॅड ५ मिलिमीटर, तर आतले पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरले होते. त्याची कडा निळसर पडली होती आणि पृष्ठभागावर आरशासारखी चकाकी आली होती. मसाला फार तापून वरचा थर काचेसारखा कडक झाला की अशी चकाकी येते, आणि मग पॅडमध्ये जाडी शिल्लक असूनही पकड कमी होते.

या चार आकड्यांत निम्मे निदान असते. बहुतेक पिकअपमध्ये सरकता कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणारा सांगाडा, असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला असतो. तो आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. त्यामुळे बाहेरचे पॅड जास्त झिजले असेल तर बहुधा पिना अडकलेल्या असतात आणि ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही. आतले जास्त झिजले असेल तर पिस्टन मागे येत नसण्याची शक्यता अधिक असते, आणि अशा वेळी पिना पूर्णपणे जाम आहेत का हेही पाहावे लागते. एकच पॅड वरून जाड आणि खालून पातळ, अशा पाचरीच्या आकाराचे झिजले असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे असे समजावे. एका चाकाची दोन्ही पॅड सारखी आणि लवकर संपत असतील तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. आणि दोन्ही चाकांची चारही पॅड सारख्याच वेगाने संपत असतील, तर पुढच्या चाकांपाशी बसून राहण्यात अर्थ नाही, गाडीच्या मागच्या बाजूला जावे.

माझ्या गाडीत दोन दोष एकत्र होते. डाव्या चाकाचा दोष चटकन दिसत होता. त्यामुळे आम्ही सर्वजण तेवढाच पाहत राहिलो आणि मोठा दोष मागे राहिला.

डाव्या चाकाची तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करून, मागच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावून, पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली मजबूत स्टँड द्यावा. कोणालातरी ब्रेक दाबून सोडायला सांगावे आणि चाक हाताने फिरवावे. पॅड डिस्कला किंचित घासल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे, परंतु चाक जड जाता कामा नये. जड जात असेल तर कॅलिपरचे हवा काढायचे निपल पान्याने थोडे सैल करावे. निपलमधून ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर आत दाब अडकलेला होता असा अर्थ होतो. आतून फुगून बंद झालेला रबरी ब्रेक पाइप किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग), या दोन जागा मग तपासाव्या लागतात. निपल सैल करूनही चाक जडच राहिले, तर पिस्टन किंवा पिना गंजून अडकल्या आहेत. पाच मिनिटांच्या या एका चाचणीने हजारो रुपयांचे चुकीचे भाग बदलणे टळते. निपल परत घट्ट करून हवा काढायला मात्र विसरू नये.

माझ्या गाडीत निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही. कॅलिपर उतरवल्यावर पिस्टनवरचा रबरी बूट एका बाजूने फाटलेला आढळला. त्यातून घाटातला चिखल आणि पावसाचे पाणी आत गेले होते आणि पिस्टनच्या कडेला तांबूस गंज धरला होता. पिना सुटत होत्या, पण त्यांवर कोणीतरी चाकांच्या बेअरिंगचे साधे ग्रीस भरले होते. ते फुगून चिकट झाले होते आणि पिनेवरचे रबर सैल पडले होते. ब्रेकमधल्या रबराला खनिज तेलाचे ग्रीस चालत नाही, रबर फुगते आणि कामातून जाते. ब्रेकसाठी खास मिळणारे सिलिकॉनचे किंवा सिंथेटिक ग्रीसच पिनांना लावावे, तेही पातळ थर देऊन. मी पिस्टन, रबरी सील, बूट आणि दोन्ही पिना बदलल्या. या कामाचा एकूण खर्च पॅडच्या एका संचापेक्षा फारसा जास्त आला नाही.

मागचे ब्रेक खरोखर लागतात का

खरा प्रश्न येथे सुटला. नेहमीच्या मेकॅनिकने वर्षभरापूर्वी मागचे ड्रम उघडून, आतले लायनर म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर पाहून, मला मोठ्या समाधानाने सांगितले होते की, “दादा, तुमचे मागचे लायनर साठ हजार किलोमीटर होऊन गेले तरी नव्यासारखे आहेत, त्यांना हातसुद्धा लावायला नको.” मलाही ते ऐकून बरे वाटले होते. पुढचे पॅड ९,००० किलोमीटरला संपतात आणि मागचे लायनर ६०,००० नंतरही नवे राहतात, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर त्याच दिवशी उत्तर मिळाले असते. जे झिजत नाही ते काम करत नाही. मागच्या लायनरचे आयुष्य पुढच्या पॅडपेक्षा जास्त असणे योग्य आहे, परंतु दीड टन माल घेऊन रोज घाट उतरणाऱ्या गाडीत ते नव्यासारखे राहणे हे आजाराचे लक्षण आहे.

याची खात्री करण्यासाठी मी दूरून तापमान मोजणारे बंदुकीच्या आकाराचे साधन आणले. घाट उतरल्यावर मोकळ्या जागेत गाडी थांबवून लगेच चारही चाकांवर ते धरले. पुढची डावी डिस्क ३१० अंश सेल्सिअस, उजवी २७० आणि मागचे दोन्ही ड्रम ६० अंशांच्या आसपास होते. हे साधन नसेल तर मागच्या ड्रमजवळ आणि पुढच्या चाकाच्या रिमजवळ तळहात नेऊन धग पाहिली तरी फरक कळतो. पण डिस्कला किंवा ड्रमला चुकूनही हात लावू नये. येथेच आणखी एक गोष्ट सांगतो. घाटाच्या पायथ्याशी धूर येणाऱ्या चाकांवर बाटलीने पाणी ओतणारे चालक आपण नेहमी पाहतो. तापलेले लोखंड अचानक गार केल्याने डिस्क वाकते, तिला चिरा जातात. गाडी हळूहळू चालवत वाऱ्यानेच ब्रेक थंड होऊ द्यावेत.

मागचे ब्रेक कमी लागण्याची साधी कारणे आधी पाहावीत: लायनर आणि ड्रममधले अंतर आपोआप जुळवणारी दातेरी चकती गंजून जाम होणे, लायनर ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर गळणे, अॅक्सलचे ऑइल सील फुटून लायनर तेलाने भिजणे. यांपैकी दातेरी चकतीचा दोष फार सर्रास आढळतो. तो असेल तर ब्रेकचा पेडल खाली जाऊन लागतो आणि हँडब्रेकची दांडीही जास्त वर येते. माझ्या गाडीत यांतले काही नव्हते.

माझ्या गाडीत दोष होता तो भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, किंवा अधिक नेमके सांगायचे तर आम्ही त्या व्हॉल्व्हची जी फसवणूक केली होती त्यात. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ चासीवर असा व्हॉल्व्ह असतो आणि एका लहान दांडीने तो अॅक्सलशी जोडलेला असतो. गाडी रिकामी असते तेव्हा मागची बाजू हलकी असते. तिला पूर्ण दाबाने ब्रेक लावला तर मागची चाके जागच्या जागी जाम होतात आणि गाडी मागून घसरते. म्हणून गाडी रिकामी असताना हा व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, चासी अॅक्सलच्या जवळ येते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. भरलेल्या पिकअपचे बरेचसे वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे तेव्हा मागच्या ब्रेकने खरे काम करणे अपेक्षित असते.

आता आपल्याकडे होते काय, तर नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच हंगामात जवळजवळ प्रत्येक जण मागे एक-दोन पाटे वाढवून घेतो. मीही घेतले होते. पाटे वाढवल्यावर पूर्ण माल भरूनही गाडी मागून पूर्वीइतकी बसत नाही आणि त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी असल्यासारखीच वाटत राहते. मागचा दाब कमीच राहतो आणि सगळा घाट पुढच्या दोन डिस्कवर उतरतो. मी ७५ क्रेट भरलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन झोपून पाहिले. धुळीने माखलेली ती बोटभर जाडीची दांडी रिकाम्या गाडीत जिथे असते त्यापासून जेमतेम दोन बोटे हलली होती. इतक्या दिवसांत त्या दांडीकडे एकदाही कोणी पाहिले नव्हते.

यावर एक उपाय सर्रास केला जातो आणि तो कोणीही करू नये. काही ठिकाणी ती दांडी तारेने ‘पूर्ण भार’ या स्थितीत बांधून टाकतात. मागचा ब्रेक त्याने लागू लागतो हे खरे, पण माल खाली करून रिकामी गाडी परत येत असताना, पावसात आणि धुक्यात माळशेजच्या ओल्या वळणावर ब्रेक दाबला, की मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. योग्य मार्ग दोनच आहेत. वाढवलेले पाटे काढून टाकावेत आणि गाडीच्या क्षमतेइतकाच माल भरावा, किंवा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात त्या मॉडेलच्या मापानुसार दांडीची जुळवणी करून दाब तपासून घ्यावा. मी वाढवलेला पाटा काढला, व्हॉल्व्हची दांडी मापाप्रमाणे जुळवून घेतली, मागच्या दातेरी चकत्या साफ करून लायनरचे अंतर जुळवले आणि पाच क्रेट कमी भरू लागलो. त्यानंतर त्याच घाटाच्या पायथ्याशी पुढच्या डिस्क २१० आणि २०५ अंश, तर मागचे ड्रम १२० अंशांच्या आसपास आढळले.

आता पॅडची निवड

एवढे झाल्यावरच पॅड निवडण्याला अर्थ आहे. दुकानात गेल्यावर काउंटरवर तीन खोकी येतात आणि “हलका देऊ, मधला देऊ की भारी?” असा प्रश्न येतो. हलका आणि भारी हे किमतीचे शब्द आहेत. विचारायचे असते ते पॅडचा मसाला कोणता, तापल्यावर पकड किती राहते आणि भाग क्रमांक आपल्या गाडीचा आहे का, हे.

मसाल्याचे ढोबळ तीन प्रकार बाजारात मिळतात. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्कला जपतात आणि शहरातल्या हलक्या वापराला पुरतात. परंतु सतत तापल्यावर त्यांची पकड लवकर ढिली पडते आणि ते भराभर झिजतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी मोठ्या प्रमाणात असते. ते उष्णता चांगली वाहून नेतात आणि जास्त तापमानाला टिकतात. त्याबदल्यात ते थोडा आवाज करतात, काळी धूळ जास्त सोडतात, डिस्क थोडी अधिक झिजवतात आणि पहाटेच्या थंडीत पहिल्या एक-दोन ब्रेकला किंचित कमी पकडतात. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि धूळ कमी करतात, म्हणून मोटारींना उत्तम. पण केवळ महाग आहेत म्हणून ते भरलेल्या पिकअपलाही अधिक चांगले, असा निष्कर्ष मी काढला होता आणि तो चुकीचा होता. भार घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीसाठी चांगल्या प्रतीचे सेमी-मेटॅलिक पॅड, किंवा गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवून दिलेले मूळ पॅड, हीच माझी शिफारस आहे.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बहुधा एक संकेत छापलेला असतो. त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात, उदाहरणार्थ एफएफ, एफई, जीजी. पहिले अक्षर साधारण तापमानातला घर्षणाचा गुणांक सांगते आणि दुसरे तापलेल्या स्थितीतला. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटातल्या गाडीसाठी दुसऱ्या अक्षराकडे जास्त लक्ष द्यावे. एफई असे लिहिलेले पॅड शहरात सिग्नलला छान लागेल आणि घाटाच्या निम्म्यावर, नेमके हवे तेव्हा, कमी पकडेल. एफएफ मध्ये तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. मात्र अक्षर जितके पुढचे तितके पॅड चांगले, असेही समजू नये. मूळ पॅडपेक्षा फार जास्त पकडणारे पॅड पुढे बसवले तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे संतुलन बिघडते, आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी जाम होतात. मूळ पॅडवर जो संकेत असेल तोच किंवा त्याच्या अगदी जवळचा घ्यावा. हा संकेत केवळ घर्षणाचा आहे. पॅड किती किलोमीटर टिकेल किंवा त्याचा मसाला पाठीच्या पट्टीला किती घट्ट चिकटवला आहे, हे त्यावरून समजत नाही.

‘कडक माल’ म्हणून मिळणाऱ्या पॅडबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते घेऊ नयेत. ते स्वतः सहसा कमी झिजतात, डिस्क खातात, आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. मी तसे पॅड बसवले होते तेव्हा डिस्कवर बोटाला जाणवतील अशा चऱ्या पडल्या होत्या. पॅडचे मोल ते किती टिकले यावर ठरवण्याची आपली सवय गाडी थांबवण्याच्या वस्तूला लावणे धोक्याचे आहे. तसेच खोक्याशिवाय, उघडे, वजनावर विकल्यासारखे मिळणारे पॅड घेऊ नयेत. त्यांत अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि त्याची धूळ फुप्फुसाच्या जीवघेण्या आजारांना कारण ठरते. याच कारणासाठी पॅड बदलताना काँप्रेसरच्या हवेने ब्रेकची धूळ उडवू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी किंवा ब्रेक क्लीनरने धुवावी. गॅरेजमध्ये दिवसभर तेच काम करणाऱ्या पोरांच्या छातीत ती धूळ जाते.

खोक्यावरचा भाग क्रमांक आपल्या गाडीच्या मॉडेलशी आणि निर्मितीच्या वर्षाशी जुळवून घ्यावा. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या वहनक्षमतेच्या आवृत्त्यांत डिस्क आणि कॅलिपर वेगळे असू शकतात. जुने पॅड सोबत नेऊन पट्टीचा आकार, तिच्या दोन टोकांना असलेल्या कानांची जाडी आणि आवाज कमी करणारी पातळ शिम पट्टी आहे की नाही, हे दुकानातच पडताळावे. कानांपाशी पॅड घट्ट बसत असेल तर कानस मारून बसवू नये, आधी कॅलिपरच्या ब्रॅकेटवरचा गंज घासून काढावा. बहुतेक वेळा पॅड मोठे नसते, गंजाने जागा लहान झालेली असते.

बसवताना आणि बसवल्यानंतर

पॅड नेहमी एकाच अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. डिस्कच्या किमान जाडीचा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. त्याखाली गेली असेल तर ती लेथवर घासून घेण्यात पैसे घालू नयेत, बदलावी. पिस्टन आत ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते, ते बाहेर सांडून रंग खराब करते, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे.

ब्रेक ऑइलकडे मात्र जरा थांबून पाहावे, कारण घाटात ब्रेक न लागण्याच्या दोन तक्रारी एकसारख्या वाटतात आणि त्यांची कारणे वेगळी असतात. पेडल कडक आहे, पूर्ण जोर लावला तरी गाडी थांबत नाही, जळका वास येतो: हे पॅड तापून पकड सुटल्याचे लक्षण आहे. पेडल मऊ पडून थेट खाली जाते: हे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाल्याचे लक्षण आहे. दुसऱ्या तक्रारीवर कितीही भारी पॅड बसवले तरी उपयोग नाही. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नव्या डॉट ३ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा लक्षात घेता दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे आणि टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला असेल त्याच्याखालचा घालू नये.

नवे पॅड बसवल्याबरोबर माल भरून घाटात जाऊ नये. रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने आणि पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करावा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी मोकळी चालवावी आणि शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता जावे. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर त्यामुळे डिस्कवर सारखा बसतो. तो डागाडागांनी बसला, तर पुढे ब्रेक दाबताच पेडल आणि स्टिअरिंग थरथरू लागते आणि आपण डिस्क वाकली असे समजून ती बदलतो. घाट उतरून आल्यावर वाहनांच्या रांगेत पेडल दाबून उभे राहिल्यानेही तापलेल्या डिस्कवर असाच डाग उमटतो. त्यापेक्षा पुढच्या गाडीपासून थोडे अंतर ठेवून सावकाश सरकत राहावे.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिले चार-पाच ब्रेक किंचाळतात. तेवढ्याने काही बिघडलेले नसते. आवाज दिवसभर टिकला किंवा धातूवर धातू घासल्यासारखा आला, तर त्याच दिवशी चाक उघडावे. पॅडची जाडी ३ मिलिमीटरवर आली की बदलायचे ठरवून ठेवावे, शेवटच्या मिलिमीटरपर्यंत ताणू नये, कारण मसाला पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनपर्यंत आणि ऑइलपर्यंत पोचते.

राहिला चालवण्याचा भाग. माझे वडील ट्रक चालवायचे, तेव्हा ते सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्याला इंजिनाची सगळी मदत गमवावी लागते, आणि वर मांडलेले १.४७ कोटी ज्यूल जवळपास पूर्णपणे ब्रेकच्या वाट्याला येतात. गाडी भाचा चालवतो त्या दिवशी मी हेच दोनदा सांगतो: वळणाच्या आधी गिअर खाली घ्यायचा, ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडायचा, पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही.

दुरुस्तीनंतर बसवलेल्या एफएफ संकेताच्या सेमी-मेटॅलिक पॅडवर गाडी आता १८,००० किलोमीटर चालली आहे. मागच्या रविवारी चाके उघडून मोजली. उजवीकडची दोन्ही पॅड ६ मिलिमीटर, डावीकडची दोन्ही ६ मिलिमीटर, आणि मागचे लायनर पहिल्यांदाच थोडे झिजलेले.